धोंडूबाईला आधी कळायचं

मला दिवस गेले आहेत हे माझ्या नवऱ्याला कळायच्या आधी, सासूला कळायच्या आधी आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला कळायच्या आधी धोंडूबाईला कळलं. आणि तिनं ते मला न सांगता जॉबरला सांगितलं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात मला फसवणारे पुष्कळ भेटले. मापात मारणारे भेटले, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी लुगडी गळ्यात घालणारे भेटले. त्यांच्याशी मी भर रस्त्यात भांडले, चार शब्द जास्तच ऐकवले आणि घरी येऊन जेवून झोपले. माझा राग तसाच आहे, भडकतो आणि जळून जातो. धोंडूबाईवरचा तेवढा जळाला नाही. भांडायला समोरच्यानं तोंड उघडावं लागतं. तिच्याशी भांडणं म्हणजे विहिरीत दगड टाकावा आणि खालून आवाजच येऊ नये, तसं होतं.

सोलापूरच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यावर ती नायकीण होती. वायंडिंग म्हणजे सूत कांड्यांवर भरायचं खातं. तिथं कामाला सगळ्या बायकाच. बायकांवर नायकीण आणि नायकिणीवर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम. मी करमाळ्याकडची, लग्न होऊन सोलापुरात आले आणि सहा महिन्यांत सासूनं मला गिरणीच्या फाटकाशी नेऊन उभं केलं. मला आत घेतलं ते धोंडूबाईनंच. माझे हात उलटेपालटे करून बघितले, बोटं चाळवली आणि म्हणाली, "चल."

उंच, हाडापेरानं मोठी, कोऱ्या कपाळाची बाई. त्या खात्यात सुताची कूस सारखी उडायची. आमच्या केसांवर, भुवयांवर पांढरा थर बसायचा आणि आम्ही तो घटकेघटकेला पदरानं पुसायचो. धोंडूबाईच्या पापण्यांवर तो तसाच असायचा. त्या पांढऱ्या पापण्यांमधून ती बघायची. बाकीच्या नायकिणी यंत्रांच्या वर आवाज काढून किंचाळायच्या. ही बाईच्या मागं येऊन नुसती उभी राहायची. मग आपली मान आपोआप वळायची.

कुणालाही ती नावानं हाक मारत नसे. होटगी, टेंभुर्णी, माढा, अशी गावंच काम करायची तिच्या हाताखाली. मी करमाळा. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "मला नाव आहे."

"ठेव की जपून," ती म्हणाली. "हितं कुणाला काय झालं तर सांगावा गावाला धाडावा लागतो. नावाला कोण धाडतं?"

नरसम्मा तेवढी नरसम्माच होती, कारण तिचं गाव सोलापूरच. तिच्या घरी हातमाग, घरात बोलणं तेलुगू, आणि जीभ अशी की जॉबरसुद्धा तिच्या यंत्राला वळसा घालून जायचा.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. दुपारच्या सुट्टीत आम्ही खात्याच्या मागच्या पडवीत भाकरी सोडायचो. तिथं एक रांजण होता. एरवी जी ती बाई आपल्या हातानं पाणी घ्यायची. पण अडचणीच्या दिवसांत रांजणाला शिवायचं नाही. गिरणीत कोण चार दिवस बाजूला बसवणार? म्हणून तेवढी एक शीव बायकांनी पाळली होती. अशी बाई लांब उभी राहून ओंजळ पुढं करायची, आणि रांजणाशी बसलेली धोंडूबाई तिला वरून पाणी वाढायची. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही. पुरुषांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण त्या ओंजळींमुळं खात्यातल्या प्रत्येक बाईचा महिना धोंडूबाईच्या डोक्यात होता. आणि यायची ती ओंजळ आली नाही, की तिचे डोळे त्या बाईच्या मागं लागायचे.

नाडी बघणं, पोट चाचपणं असलं ती काही करत नसे. "पोट लई मागनं बोलतं," ती म्हणायची, "पैलं तोंड बोलतं." सकाळची मिश्री जिला नकोशी झाली तिच्याकडं ती दुसऱ्यांदा बघायची. शेजारच्या खात्यातून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास यायचा. तो आमच्या इतका अंगवळणी पडला होता की येतो हेच विसरलो होतो. एखादीनं त्याला नाकाशी पदर धरला की धोंडूबाईची मान वळायची. भाकरी अर्धी टाकून खांबाला टेकून पेंगणारी, सारखी मोरीकडं जाणारी, भिंतीचा चुना नखानं खरवडून जिभेवर ठेवणारी, या सगळ्या तिच्या नजरेत असायच्या. टोपली उचलताना दंड छातीला लागू नये म्हणून कोपर फाकवून धरणारी बाई तर तिला खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला दिसायची. यातली एकेक गोष्ट दुसऱ्या कशानंही होते, हे तिला माहीत होतं. ती एकीवर कधी बोलत नसे. दोन-तीन जमल्या, आणि ओंजळ चुकली, की मग.

मग ती कनवटीचा गुळाचा खडा काढून त्या बाईच्या तळहातावर ठेवायची. तेच तिचं सांगणं.

टेंभुर्णीची गंमत मला आठवते. घरात आधीच पोरांचा गोतावळा होता तिच्या.

"घे," धोंडूबाई म्हणाली.

"काय हाय?"

"गूळ."

"आन् कशाला?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय?"

टेंभुर्णीनं गुळाकडं बघितलं, धोंडूबाईकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. "अगं बया! परत? त्या मेल्याला मी किती बजावलं हुतं!"

सगळी पडवी हसली. नरसम्मा म्हणाली, "त्याला पण नायकिणीकडे पाठव की. त्याच्या हातावर निखारा ठेवेल."

धोंडूबाई हसली नाही. "खा आता. आन् उद्यापासनं मोठी टोपली तू उचलायची न्हाय. ती करमाळा उचलंल."

मी उचलली. मी नवीन होते, भांडायला अजून जागा नव्हती. पण तेव्हाची धोंडूबाई अशी होती, हे मला सांगितलं पाहिजे. तिला कळलं, की त्या बाईला खिडकीजवळचं यंत्र मिळायचं आणि जड ओझं दुसरीच्या डोक्यावर जायचं. बायका तिला भ्यायच्या, पण तिच्या हातचा गूळ मिळावा म्हणून काही जणी झुरायच्याही.

तिचं स्वतःचं सगळ्यांना माहीत होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीला पोरं झाली आणि तो तापाच्या साथीत गेला. सवत रखमा अंगानं अधू, तिच्यानं काम होत नसे. ती, तिची पोरं, सगळ्यांच्या भाकरीला धोंडूबाईचाच हात. एकदा कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "सवतीला पोसतीस व्हय नायकिणी?"

"सवत त्याच्यापायी हुती," धोंडूबाई म्हणाली. "त्यो गेला. आता काय, बहीणच की."

आणि तिला हे सगळं कळतं कसं, असं मी विचारलं तेव्हा ती तेवढ्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "शिकवाया कोण बसलंय? लगीन झाल्यापासनं आपल्याच अंगाकडं बघत आले मी. रोज सकाळी. आज मळमळतंय का, आज वास नको वाटतुया का. इतकं बघितलं, की मग दुसऱ्याचं आपसूक दिसाया लागतं."

त्या सुमाराला बाळंतपणाचा कायदा आला. गिरणीत ठरावीक काळ काम केलेल्या बाईला बाळंतपणाच्या रजेत गिरणीनं पगार द्यायचा, असा. पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते. नरसम्मा म्हणाली, आता मी दर वर्षाला एक काढणार. पण आमच्याइतकं डोकं वरच्या लोकांनाही होतं. पोट दिसायच्या आत बाई कामावरून गेली, तर तिला द्यायचं काहीच उरत नाही. फक्त पोट दिसायच्या आत कळलं पाहिजे.

एका सकाळी जॉबरनं धोंडूबाईला खांबाशी बोलावलं. यंत्रांच्या आवाजात आम्ही सगळ्याच ओठ वाचायला शिकलो होतो. नरसम्माचं यंत्र त्या खांबासमोर. तिनं वाचलं ते असं.

"तुला आधी कळतं म्हणतात."

"कळतं."

"मग आधी मला सांगायचं. नाहीतर नायकी दुसरीला. बघ, घरी खाणारी तोंडं किती आहेत तुझ्या."

 त्या दिवसापासून गूळ बंद झाला.

मी काही मोठीशी कामगार नव्हते, पण माझा हात चांगला होता, आणि मी तोंड वर करून बोलत असे. म्हणून फाटकात जॉबरनं हात आडवा घातला तेव्हा मला वाटलं, हे माझ्या तोंडाचं फळ.

"काम कमी आहे. उद्यापासून येऊ नको. आजही नको."

"काम कमी? मग त्या बदलीच्या बाया आत घेतल्यात त्या काय भजन करायला?"

"घरी जा, बाई. अशा अवस्थेत दगदग बरी नाही."

"कसल्या अवस्थेत?"

तो हसला. पानानं रंगलेले त्याचे दात मला अजून दिसतात. मी आई होणार हे मला जगात पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर त्या दातांनी.

धोंडूबाई फाटकाच्या आत उभी होती. पापण्या अजून काळ्या होत्या, कूस बसायला दिवस उगवायचा होता. मी गजांतून ओरडले, "खरं आहे काय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेवढ्यानंच मला कळलं की खरं आहे.

"मग मला सांगायला तोंड नव्हतं तुला? मला? पोट कुणाचं?"

भोंगा झाला. ती वळून आत गेली.

घरी बसून भागणार नव्हतं. मी बाजारातून भाजी घेऊन डोक्यावरून विकायला लागले. डोक्यावर टोपली, वर सोलापूरचं ऊन, आणि प्रत्येक दारात घासाघीस. सौदा करणं मी तेव्हा शिकले. चौथा महिना लागला आणि पोट पडलं. सासू म्हणाली, रक्ताची गाठ होती, मूल कुठलं आलंय. नवरा म्हणाला, दिवस गेलेत असं तुला सांगितलं तरी कुणी? जॉबरनं?  त्या घरात तो विषय तिथंच संपला. बारसं नाही, सुतक नाही, नाव नाही. कुणी आलं होतं आणि गेलं, असं म्हणायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

मी माझी टोपली उचलली आणि गिरणीच्या फाटकासमोरच नेऊन मांडली. सोलापुरात दुसरी जागा नव्हती असं नाही. पण सुटलेल्या बायकांच्या गर्दीतून धोंडूबाईला रोज माझ्यासमोरून जावं लागावं, हे मला पाहिजे होतं. ती जायची. तिची लांब सावली माझ्या मेथीच्या जुड्यांवरून सरकायची. मी भाव जास्तच ओरडून सांगायची. तिनं माझ्याकडून कधी काही घेतलं नाही आणि कधी रस्ताही बदलला नाही.

पण खरी गोष्ट अशी, की ती माझ्यासमोरून फक्त संध्याकाळी जात नव्हती. न्हाणीत अंगावर पाणी घेताना मला वाटायचं, दाराच्या फटीतून त्या पांढऱ्या पापण्या बघताहेत. चुलीपाशी उलटी आल्यासारखी वाटली की मी आधी मागं वळून बघायची. महिन्यामागून महिने मी माझ्या अंगाचा कानोसा घेत होते, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, तिला कळलं असेल. मला अजून नाही, पण तिला कळलं असेल. तिला काही कळायचं नाही, कारण कळण्यासारखं काही नसायचं.

मग होटगीचं झालं. होटगीहून गाडीनं येणारी एक नवी लग्न झालेली पोर होती. काडीसारखी. माझ्याकडून कच्च्या चिंचा घ्यायची. हे पुढचं नरसम्मानं मला टोपलीशी बसून सांगितलं.

होटगीची ओंजळ चुकली. पुढच्या महिन्यातही चुकली. भाकरी अर्धी टाकायला लागली, खांबाला टेकून झोपायला लागली, तोंडाशी पदर धरायला लागली. धोंडूबाईनं जॉबरला सांगितलं, पोर कामावरून गेली. पण घरी मात्र तिचे लाड सुरू झाले, कारण गिरणीतल्या नायकिणीनं सांगितलंय म्हणजे ते चुकायचं नाही. थकली तर म्हणाले, पहिलटकरीण आहे. खोकली तर म्हणाले, काही जणींना येतो असा. वैद्याकडं, डॉक्टरकडं कुणी नेलंच नाही. खोकताना पदराला रक्त लागलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले, दिवस नव्हते, क्षय होता, आणि मग फार दिवस गेले नाहीत.

धोंडूबाई होटगीला गेली. गाडीत नरसम्मा बरोबर होती. अंगणात पोरीची सासू बसली होती. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. ती म्हणाली, "आमाला बी वाटलं दिवस गेल्यात. डोहाळजेवनाला हिरवं लुगडं आणून ठिवलं हुतं. तेच घातलं तिच्या अंगावर. तुमच्या गिरणीतनं सांगितलं न्हवं का?"

ते सांगणारी मीच, असं धोंडूबाई बोलली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली आणि सोलापूर येईपर्यंत तिनं ते आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरसम्मा सवयीनं रांजणाकडं गेली तर धोंडूबाईनं तिचा हात अडवला. "लांब हो. ओंजळ कर."

"मला काही झालेलं नाही, अम्मा."

"मी इचारलं व्हय? ओंजळ कर."

मग टेंभुर्णी, मग माढा, मग सगळ्या. त्या दिवसापासून रांजणाला कुणीच हात लावायचा नाही. अडचणीची असो, नसो, तरणी असो, म्हातारी असो, रोज सगळ्यांना धोंडूबाई वरून वाढणार. सुट्टी त्यातच संपायची, बायका कुरकुरायच्या. पण सगळ्याच ओंजळी आल्यावर कुठली चुकली ते कुणाला कळणार? तिलाही कळेना, आणि तेच तिला पाहिजे होतं. वाढताना ती मान वर करत नसे. नरसम्मा मला म्हणाली, "ती आता माझ्या हाताला ओळखते. तोंडाला ओळखत नाही."

जॉबरनं दोन महिने वाट बघितली. मग विचारलं, "काय गं, खात्यातल्या सगळ्या संन्यासिणी झाल्या काय?"

"मला काय दिसत न्हाय."

"आजवर दिसत होतं."

"आता न्हाय दिसत."

तिची नायकी गेली. तिला यंत्रावर टाकलं, पुढं बदलीत टाकलं, म्हणजे जागा रिकामी असेल त्या दिवशीच काम. जॉबरनं तिचं काम स्वतः करून बघितलं. त्यानं पोट सुटलेल्या एका बाईला अडवलं आणि घरी जाऊन आराम कर म्हणाला. ती म्हणाली, "अरं बाबा, माझ्या नातवाचं लगीन ठरलंय!" हे ऐकून फाटकावरचा पठाणसुद्धा हसला. आणि नरसम्मा, जिला त्याच वर्षी खरोखर दिवस गेले होते, ती सैल लुगड्यात पोट गुंडाळून शेवटपर्यंत काम करत राहिली. तिनं मुलगाही घेतला आणि रजेचा पगारही घेतला. बाळंतविडा म्हणून मी तिला भाजी फुकट दिली, आणि ती गेल्यावर माझी टोपली लाथ मारून उडवली. सगळी वांगी रस्त्यावर. माझ्यानंतर होटगी. होटगीनंतर ही, आणि ही वाचली. धोंडूबाईला शहाणपण यायला दोघींना जावं लागलं, आणि त्यातली पहिली मी.

पुढं नरसम्माच्या घरची लुगडी मी विकायला घेतली. भाजीची टोपली गेली, कापडाचं गाठोडं आलं, गाठोड्याचं दुकान झालं. भावात मी कुणाला ऐकत नाही, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत झालं. सासू गेली. मूल झालं नाही.

आणि मग एकदा माझा महिना चुकला. दुसराही चुकला. केस पिकायला लागले होते, तरी अंग जड वाटे, दुकानातल्या नव्या कापडाच्या खळीचा वास नकोसा वाटे. डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, अजून लवकर आहे, थोडं थांबा, मग नक्की सांगते. त्यांचं बरोबरच होतं. पण थांबणं माझ्या अंगात नाही. सोलापुरात एक माणूस असं होतं, की त्याला थांबावं लागत नसे. मी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि भर दुपारी धोंडूबाईच्या गल्लीत गेले.

ओसरीवर ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मांडीवर सूप, शेंगा फोडत होती. दारात रखमा. मी कोण ते सांगितल्यावर रखमा हळूच म्हणाली, "अक्का अशीच बसती. माझ्या थोरल्या पोराची सून घरात आल्यापासनं अशीच. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईकडं बघतच न्हाय."

"कोण हाय?" धोंडूबाई म्हणाली.

"करमाळा."

शेंगा फोडणारे हात थांबले. "बस."

"बसायला नाही आले. माझ्याकडं बघ."

"मला काय दिसत न्हाय, बाई."

"का? डोळ्यांना काय झालं?"

"डोळ्यांना काय न्हाय झालं."

"मग बघ. तेव्हा मी न विचारता बघितलंस. आता विचारायला आलेय."

 मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसले. अंगावर चुना लागला. तिनं डोळे मिटून घेतले. पापण्या आता पांढऱ्याच होत्या, कूस नसताना.

"चुकलं तर?" तिनं विचारलं.

"चुकलं तर चुकलं. मी होटगी नाही."

दारातून रखमा म्हणाली, "बाई, असं का बोलता?" पण धोंडूबाईनं डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडं, मग गळ्याकडं, मग हातांकडं बघत राहिली. मला उभं राहायला सांगितलं, चार पावलं चालायला सांगितलं. मिश्री चालते का विचारलं. चालते म्हणाले. झोप कशी लागते, रात्री अंगातून वाफा येतात का, हे विचारलं. येतात म्हणाले. एवढी वर्षं मी ज्या नजरेला शिव्या दिल्या तिच्यासमोर मी आपणहून उभी होते.

"न्हाय," ती म्हणाली. "काय न्हाय, पोरी. अंग सुकाया लागलंय तुजं. जाताना असंच फसवतं ते."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या एवढं पुरे. वांझ म्हणाले तिला, हेही खरं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला दम लागला तेव्हा म्हणाली, "तवा हुतं."

"काय?"

"तवा हुतं. कांडी बदलाया हात वर केलास तू, आन् मधीच थांबलीस. कुणीतरी आतनं हाक मारल्यागत. जरा ऐकलंस आन् परत कामाला लागलीस. तुजं तुला कळलं न्हाय. मी बघितलं. गाठ म्हणत्यात ते कानावर आलं हुतं माझ्या. गाठबिठ न्हवती, करमाळा. पोर हुतं."

 मी परत चुन्याच्या भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तुज्या तोंडावर हसू आलं असतं," ती म्हणाली. "ते बघून मग जॉबरला सांगाया झालं असतं व्हय मला?"

 क्षमा मी केली नाही, तिनं मागितलीही नाही. मी उठले, लुगड्याचा चुना झटकला आणि निघाले. अंगाचं म्हणाल तर ती म्हणाली तसंच निघालं. पुढं डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, पण तोवर मला ते माहीत होतं.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मी एकदा मागं बघितलं. धोंडूबाई पुन्हा भिंतीकडं वळली होती. घरातून ती नवी सून बाहेर आली, तशी धोंडूबाईनं डोळे मिटले आणि न वळता सूप मागं धरलं. पोरीनं ते घेतलं. आत जाताना उंबऱ्याशी ती थांबली, एक हात चौकटीला लावला, काही ऐकल्यासारखी मान किंचित कलती केली आणि मग सावकाश पाऊल आत टाकलं.

एवढ्या लांबून मला ते दिसलं आणि कळलं. ओसरीवर रखमा होती, दारादारांत बायका अजून माझ्याकडं बघत उभ्या होत्या. मी कुणाला काही बोलले नाही.